मूळ प्रतीपासून सुगमता : दिव्यांग विद्यार्थी आणि मराठीतले ऑनलाइन विद्यापीठीय शिक्षण

विद्यापीठाचा ऑनलाइन अभ्यासक्रम सुगम आहे असे केव्हा म्हणायचे? प्रवेशअर्ज, पाठ्यसाहित्य, तासिका, स्वाध्याय, परीक्षा आणि निकाल या प्रत्येक टप्प्यावर दिव्यांग विद्यार्थ्याला आपले काम दुसऱ्याच्या हातापाया न पडता, इतरांबरोबरच आणि इतरांइतक्याच खर्चात पुरे करता आले तरच. एक टप्पा अडला की पदवी अडते. प्रवेशाचे संकेतस्थळ उत्तम असूनही पुस्तक वाचता येत नसेल, किंवा पुस्तक वाचता येऊनही परीक्षेच्या पडद्यावर आवाज बंद होत असेल, तर आधीच्या टप्प्यांवरची सोय वाया जाते. तरीही सुगमतेची चर्चा बहुधा पहिल्या टप्प्याभोवतीच फिरते. संकेतस्थळाच्या कोपऱ्यात अक्षर मोठे करण्याचे बटण दिसले की काम झाले, असा एक सोयीस्कर समज कार्यालयांतून रूढ आहे.

ऑनलाइन शिक्षणाची गरज कोणाला किती, हे नकाशावरूनही कळते. उदाहरण घ्या उरण तालुक्यातील न्हावा शेवा परिसराचे. २६ मे १९८९ रोजी येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. दूरशिक्षणासाठी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठही त्याच वर्षी जुलैत स्थापन झाले. बंदरामुळे रस्ते रुंद झाले, पण ते कंटेनरच्या ट्रेलरांनी भरले. चाकाच्या खुर्चीवरून किंवा कुबड्यांवर महाविद्यालय गाठणाऱ्याला त्या रुंदीचा उपयोग थोडा, धोका अधिक. उरणपर्यंत लोकल गाडी यायला १२ जानेवारी २०२४ उजाडावे लागले. शिवडी–न्हावा शेवा अटल सेतूचे उद्घाटनही त्याच दिवशी झाले, मात्र २१.८ किलोमीटरच्या त्या पुलावर दुचाकी आणि तीनचाकी वाहनांना मनाई आहे.

शिकण्याची साधने अगदीच दूर नाहीत. उरणमध्ये कोकण ज्ञानपीठाचे आणि फुंडे येथे रयत शिक्षण संस्थेचे वीर वाजेकर महाविद्यालय आहे. दोन्ही मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. मुंबई विद्यापीठाचे पत्रद्वारा शिक्षण १९७१ पासूनचे. विशेष मदत मात्र खाडीपलीकडे मुंबईत एकवटली आहे. दृष्टिबाधित विद्यार्थ्यांसाठी २००३ पासून काम करणारे झेवियर्स रिसोर्स सेंटर धोबी तलावाजवळच्या महाविद्यालयात, कर्णबधिरांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वांद्र्यात. वाशीला नवी मुंबई महापालिकेचे दिव्यांगांसाठीचे ईटीसी केंद्र आहे, पण उरण तालुका त्या महापालिकेच्या हद्दीत येत नाही. या परिसरातील दिव्यांग विद्यार्थ्याला घरबसल्या पदवी हवी असण्याचे कारण आळस नव्हे. घराबाहेर पडणे हेच त्याच्या दिवसातले सर्वांत मोठे काम असते.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९.६३ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. ती मोजणी जुन्या, मोजक्या प्रकारांची होती. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात एकवीस आले आणि त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, मानसिक आजार, पार्किन्सन यांचाही समावेश झाला. १९ एप्रिल २०१७ पासून हा कायदा लागू आहे. अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी किमान पाच टक्के जागा राखीव ठेवण्याचे आणि वयोमर्यादेत पाच वर्षांची सवलत देण्याचे बंधन कलम ३२ मध्ये आहे. ऑनलाइन शिक्षणाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे कलम ४२ आहे. ध्वनी, छापील आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील मजकूर सुगम रूपात मिळावा आणि दृक्‌श्राव्य माध्यमाला ध्वनिवर्णन, सांकेतिक भाषा व सबटायटल यांची जोड असावी, ही जबाबदारी ते शासनावर टाकते.

कायदा झाला तरी मापदंड ढिलेच राहिले. २०१७ च्या नियमावलीतील नियम १५ मध्ये संकेतस्थळे आणि दस्तऐवज यांचे निकष आले, पण त्यांनी बोट दाखवलेल्या मार्गदर्शिका शिफारशीच्या भाषेत लिहिलेल्या होत्या. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नियम १५(१) कायद्याशी विसंगत ठरवला आणि किमान अनिवार्य मापदंड तीन महिन्यांत ठरवण्याचा आदेश केंद्राला दिला. पुढे ३० एप्रिल २०२५ च्या प्रज्ञा प्रसून निकालाने डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. तो खटला बँकांच्या ओळखपडताळणीचा होता. पडद्याकडे पाहून डोळे मिचकावा, असे यंत्राने सांगितल्यावर ज्यांना ते शक्य नाही त्यांनी काय करायचे, हा त्यातला प्रश्न होता. ऑनलाइन परीक्षेच्या कॅमेऱ्यापुढे बसणाऱ्या विद्यार्थ्याचा प्रश्न याहून वेगळा नाही.

तांत्रिक मापदंडांची उणीव नाही. वेबच्या सुगमतेची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका १९९९ पासून आहे, तिची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. मजकूर जाणवावा, हाताळता यावा, समजावा आणि वेगवेगळ्या साधनांवर टिकावा, ही तिची चार सूत्रे. साध्या अक्षराचा व पार्श्वभूमीचा उठाव किमान ४.५ ला १ असावा, इतक्या बारकाईने ती बोलते. भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १७८०२ हे मानक २०२१ आणि २०२२ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाले. अडचण मापदंडांनंतर सुरू होते, आणि मराठीत ती इंग्रजीहून निराळी आहे.

अंध विद्यार्थी संगणक वापरतो तो स्क्रीन रीडरच्या साहाय्याने. हे सॉफ्टवेअर पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवते किंवा ब्रेल पट्टीवर उमटवते. जॉज हे सशुल्क सॉफ्टवेअर १९८९ पासूनचे. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये सुरू केलेले एनव्हीडीए मोफत आणि मुक्त आहे, अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक असते. मराठी वाचणारे आवाजही आज मोफत मिळतात. म्हणजे विद्यार्थ्याच्या बाजूचा खर्च पूर्वीसारखा आडवा येत नाही. आडवा येतो तो त्याच्यापर्यंत पाठवलेला मजकूर.

मराठी पुस्तके दीर्घकाळ श्रीलिपी, आकृती यांसारख्या प्रणालींत अक्षरजुळणी होऊन छापली गेली. त्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षराचे चित्र इंग्रजी अक्षराच्या किंवा चिन्हाच्या जागी बसवलेले असे. कागदावर ‘क’ उमटतो. संगणकाच्या स्मृतीत मात्र तेथे एखादे रोमन अक्षर असते. डोळ्याने वाचणाऱ्याला फरक कळत नाही. स्क्रीन रीडर चित्र पाहत नाही, तो स्मृतीतले अक्षर वाचतो; त्यामुळे अर्थशास्त्राचे प्रकरण उघडल्यावर अंध विद्यार्थ्याच्या कानावर रोमन अक्षरांची आणि विरामचिन्हांची निरर्थक सरबत्ती येते. त्याच फायलीत शोध घेतला तर एकही शब्द सापडत नाही, म्हणजे तोटा डोळसांचाही होतोच. युनिकोडमध्ये देवनागरीला ०९०० ते ०९७एफ हा स्वतंत्र पट्टा १९९१ पासून आहे. मराठीच्या काही गरजा मागाहून भागल्या. ‘ॲ’ या अक्षराला स्वतःची जागा २००८ मध्ये मिळाली. पण छपाईच्या व्यवसायात जुने फॉन्ट त्यानंतरही चालू राहिले, कारण छापणाऱ्याला कागद हवा असतो आणि कागदावर सगळे फॉन्ट सारखेच दिसतात.

दुसरा प्रकार स्कॅन केलेल्या प्रतींचा. प्राध्यापकाने वीस वर्षे वापरलेल्या टिपणांची झेरॉक्स मोबाइलने टिपून पीडीएफ म्हणून चढवली की विद्यापीठाच्या हिशेबी अध्ययनसाहित्य ऑनलाइन झाले. स्क्रीन रीडरच्या लेखी ते पान कोरे असते. चित्रातून अक्षरे ओळखणारी यंत्रणा, म्हणजे ओसीआर, मराठीसाठी उपलब्ध आहे आणि स्वच्छ छपाईवर ती बरे काम करते. मळकट झेरॉक्सवर मात्र ‘ख’ चा ‘रव’ होतो, जोडाक्षरे फुटतात, रफार हरवतो, तळटीप मधल्या परिच्छेदात शिरते. कथा वाचताना अशा चुका सांभाळून घेता येतात, सांख्यिकीच्या कोष्टकात किंवा कायद्याच्या कलमात येत नाहीत.

युनिकोडमध्ये टंकलेला मजकूरही पीडीएफ करताना बिघडू शकतो. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी दिसते, पण उच्चाराच्या क्रमात व्यंजनानंतर साठवली जाते. पीडीएफ मुळात छपाईसाठी निघालेले रूप असल्याने ते पानावरची जागा जपते, साठवणीचा क्रम जपेलच असे नाही. त्यातून मजकूर पुन्हा काढला की वेलांट्या भलत्या अक्षराला चिकटतात. म्हणून मराठीपुरता तरी नियम सरळ असावा : विद्यार्थ्याला पीडीएफसोबत ईपब, एचटीएमएल किंवा मूळ वर्ड फाइल मिळालीच पाहिजे. फायलीची भाषा मराठी अशी नोंदलेली असणेही तितकेच आवश्यक. ती नोंद नसेल तर कित्येकदा हिंदी आवाज मराठी मजकूर वाचू लागतो, आणि ‘चमचा’ व ‘चहा’ यांतले दोन च त्याला एकच वाटतात. ऐकणारा समजून घेतो, पण तीन तास असे समजून घेत अभ्यास करणे थकवणारे आहे.

मजकूर वाचता येऊ लागल्यावर त्याची रचना महत्त्वाची ठरते. डोळस विद्यार्थी पान चाळतो, स्क्रीन रीडर वापरणारा शीर्षकावरून शीर्षकावर उडी मारतो. शीर्षक नुसते ठळक व मोठे केले तर त्याला ते शीर्षक म्हणून कळत नाही. वर्डमधील हेडिंगची शैली वापरली तरच कळते. हे एवढे साधे काम आहे की त्याला वेगळे अनुदान लागू नये. आकृत्यांना मजकुरात वर्णन हवे, आणि ‘आकृती ३’ हे वर्णन नव्हे. मागणी-पुरवठ्याच्या आलेखात दोन रेषा कोठे छेदतात आणि किंमत वाढल्यावर काय होते, हे वाक्यात सांगावे लागते. ते लिहिणे तंत्रज्ञाचे काम नसून विषयशिक्षकाचे आहे. गणितातील समीकरणे चित्र म्हणून चिकटवण्याऐवजी मॅथएमएल या १९९८ पासून प्रमाणित असलेल्या रूपात लिहिली तर स्क्रीन रीडर अपूर्णांक, घातांक आणि कंस नीट उलगडून वाचतो. मराठी माध्यमातील अंध विद्यार्थी विज्ञान-वाणिज्याऐवजी कला शाखेकडे वळतो, त्यामागे आवडीपेक्षा ही अडचण अनेकदा मोठी असते.

न्हावा शेवा बंदराचे बहुतेक काम ज्या पेटीवर, म्हणजे कंटेनरवर, चालते तिचे माप १९६८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकाने पक्के झाले : रुंदी आठ फूट, लांबी बहुधा वीस किंवा चाळीस फूट. तिच्या आठही कोपऱ्यांना ठरलेल्या घडणीचे पोलादी ठोकळे असतात. आत काय भरले आहे हे क्रेनला ठाऊक नसते. कोपरे ठरल्याप्रमाणे असले की कोणतेही क्रेन ती पेटी उचलते, मग ते शांघायचे असो की उरणचे. मजकुराची सुगम फाइल अशीच बांधलेली असते. अंध विद्यार्थ्याचा आवाज, अल्पदृष्टी असलेल्याची मोठी अक्षरे, मेंदूच्या पक्षाघातामुळे माउस धरता न येणाऱ्याचा एकच बटणवजा स्विच, यांतले प्रत्येक साधन ती उचलू शकते, कारण रचना आधीच ठरलेली आहे. पेटी धक्क्यावर आल्यानंतर तिला कोपरे जोडत बसण्याची पद्धत कोणत्याही बंदरात नाही. विद्यापीठांत मात्र विद्यार्थ्याने अर्ज केल्यावर पुस्तक सुगम करायला घेतात, आणि ते हाती येते तेव्हा सत्र संपत आलेले असते.

ध्वनिचित्रफिती आणि थेट तासिका यांत अडचणीचे स्वरूप पालटते. २०२० च्या मार्चनंतर वर्ग एकाएकी पडद्यावर गेले, तेव्हा शिक्षकाची फळ्यापुढची सवयही पडद्यावर गेली. ‘हे बघा, इथून हे इकडे आले, म्हणून हे शून्य झाले’ असे म्हणत तो माउस फिरवतो. दृष्टिबाधित विद्यार्थ्याला त्यातले फक्त शून्य ऐकू येते. जे लिहायचे ते बोलत लिहिणे, एवढी सवय बदलली तरी अर्धी तासिका सुगम होते, आणि डोळस विद्यार्थ्यांची टिपणेही सुधारतात.

कर्णबधिर विद्यार्थ्यासाठी सबटायटल अत्यावश्यक आहेत. यंत्राने तयार केलेले मराठी सबटायटल पहिला मसुदा म्हणून उपयोगी पडतात, पण पारिभाषिक संज्ञा आल्या की ते गडबडतात, आणि विद्यापीठाच्या व्याख्यानात महत्त्वाचे शब्द नेमके तेच असतात. माणसाने तपासल्याशिवाय ते चढवू नयेत. त्यातही एक बाब सहसा ध्यानात घेतली जात नाही. जन्मजात कर्णबधिर असलेल्या अनेकांची पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा असते. तिचे व्याकरण मराठीहून वेगळे आहे, मराठी ही त्यांनी शाळेत शिकलेली दुसरी भाषा. अशा विद्यार्थ्याला अचूक सबटायटलही पुरत नाहीत, दुभाषा लागतो. भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र २०१५ मध्ये दिल्लीत स्थापन झाले, त्याच्या शब्दकोशात २०२१ पर्यंत सुमारे दहा हजार संज्ञा जमल्या. पदवीस्तरावरच्या प्रत्येक विषयाला त्या पुरेशा नाहीत आणि प्रशिक्षित दुभाषेही थोडे आहेत. ऑनलाइन तासिकेचा येथे खरा लाभ होऊ शकतो : एका दुभाष्याला उरण, अलिबाग आणि सावंतवाडी येथील विद्यार्थी एकाच वेळी पाहू शकतात. प्रत्यक्ष वर्गात हे कधीच शक्य नव्हते. विद्यापीठाने महाविद्यालयनिहाय विचार सोडला तरच ते जमेल.

डिस्लेक्सिया असलेल्या विद्यार्थ्याला ऐकत वाचण्याची सोय, मोकळी मांडणी आणि ध्वनिफितीचा वेग कमी करण्याची मुभा उपयोगी ठरते. मानसिक आजाराशी झगडणाऱ्याला स्वाध्यायाची लवचीक मुदत लागते. अपस्माराचा धोका असणाऱ्यासाठी पडद्यावर कोणतीही गोष्ट सेकंदाला तीनहून अधिक वेळा लखलखू नये. यांतली एकही गोष्ट महाग नाही.

ऑनलाइन परीक्षा हा सर्वांत काटेरी टप्पा. नक्कल रोखण्यासाठी वापरले जाणारे बंदिस्त ब्राउझर इतर सर्व सॉफ्टवेअर अडवतात. त्यात अनेकदा स्क्रीन रीडरही अडतो. कॅमेऱ्यावरची यंत्रणा नजर पडद्यावरून हटली की संशय नोंदवते. डोळ्यांची अनैच्छिक हालचाल होणारा, मान न सावरणारा किंवा अंध विद्यार्थी तिच्या लेखी सतत संशयित असतो. लेखनिक शेजारी बसला तर खोलीत दुसरा आवाज आला म्हणून इशारा येतो. केंद्र सरकारच्या मार्गदर्शिकेप्रमाणे पात्र उमेदवाराला तासाला किमान वीस मिनिटे जादा मिळायला हवीत, म्हणजे दोन तासांच्या परीक्षेला दोन तास चाळीस मिनिटे. पण ती मिनिटे प्रणालीत आधीच भरलेली नसतील तर दोन तास होताच पडदा बंद होतो, आणि हक्क कागदावर शाबूत राहून उत्तरपत्रिका अपुरी जाते.

यासंबंधी न्यायालयांची भूमिका स्पष्ट आहे. लेखनिकाचा हक्क केवळ चाळीस टक्क्यांच्या प्रमाणपत्राशी जखडता येत नाही, वाजवी सोय ही व्यक्तीची गरज पाहून द्यायची असते, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार खटल्यात म्हटले. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला अवनी प्रकाश खटल्यात वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत जादा वेळ नाकारला गेलेल्या विद्यार्थिनीचा प्रश्न आला. परीक्षा घेणाऱ्या संस्थेची चूक न्यायालयाने मान्य केली, पण फेरपरीक्षेचा आदेश दिला नाही. परीक्षेच्या दिवशी गेलेला तास निकालपत्राने परत येत नाही. म्हणून आदल्या आठवड्यात, विद्यार्थ्याच्या स्वतःच्या साधनावर, खऱ्या प्रणालीत सराव परीक्षा घेणे हा उपाय कोणत्याही तक्रार समितीपेक्षा अधिक मोलाचा आहे.

प्रताधिकाराची अडचण पुढे केली जाते तेव्हा ती बहुधा अज्ञानातून असते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर भारतीय प्रताधिकार कायद्यातील कलम ५२ अन्वये दिव्यांगांसाठी पुस्तकाचे सुगम रूपांतर करायला परवानगी लागत नाही, नफा नसावा ही त्यातली एक अट. दृष्टिबाधितांना सुगम पुस्तके मिळावीत यासाठीच्या मराकेश या आंतरराष्ट्रीय कराराला २०१४ मध्ये मान्यता देणारा भारत हा जगातला पहिला देश. २०१६ पासून सुगम्य पुस्तकालय हा ऑनलाइन ग्रंथसंग्रहही आहे. एका महाविद्यालयाने रूपांतरित केलेले पुस्तक तेथे ठेवले तर दुसऱ्याने तेच काम पुन्हा करण्याची वेळ येत नाही.

सक्तीने काय घडते याचा एक धडा अमेरिकेतला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेने हजारो व्याख्याने जगासाठी खुली ठेवली होती. त्यांना नीट सबटायटल नाहीत, अशी कर्णबधिरांच्या वतीने तक्रार झाली. न्याय विभागाने २०१६ मध्ये ती ग्राह्य धरली. विद्यापीठाने सबटायटल करण्याऐवजी २०१७ मध्ये सुमारे वीस हजार ध्वनी-चित्रफिती सार्वजनिक वापरातून काढून घेतल्या. या घटनेवरून अतिरेकी कायद्याला दोष देणारे पुष्कळ निघाले. खरे पाहता वीस हजार फिती साचेपर्यंत कोणी सबटायटलचा विचार केला नाही, हा दोष निर्मितीचा होता. साठा वाढत गेला की दुरुस्तीचा खर्च वाढतो. प्रत्येक फीत तयार होतानाच काम केले असते तर तो खर्च त्या त्या वर्षात विरून गेला असता.

महाराष्ट्रात आज निर्मितीची हीच वेळ आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पाठ्यक्रम पुन्हा लिहिले जात आहेत, मराठीतून नवी पुस्तके येत आहेत, ‘स्वयम्’ या ऑनलाइन व्यासपीठावरील अभ्यासक्रमांचे श्रेयांक पदवीला जोडले जात आहेत. सुगमतेची जबाबदारी मात्र बहुतेक ठिकाणी दिव्यांग कक्षाकडे असते. एखादा समन्वयक, तोही दुसऱ्या विषयाचे तास घेऊन उरलेल्या वेळात. ज्या टेबलावर पुस्तक घडते तेथे त्या कक्षाला खुर्ची नसते. हे काम पाठ्यसाहित्य निर्मिती विभागाचे, परीक्षा विभागाचे आणि विषयशिक्षकाचे आहे. कक्षाने तपासावे आणि नापास करण्याचा अधिकार वापरावा.

त्यासाठी विद्यापीठांनी पुढच्या छपाईच्या कंत्राटात तीन अटी घालाव्यात : अक्षरजुळणी युनिकोडमध्येच होईल, छापील प्रतीबरोबर शीर्षकांची रचना असलेली मूळ फाइल द्यावी लागेल, आणि ती फाइल स्क्रीन रीडर वापरणाऱ्या व्यक्तीने वाचून पाहिल्याशिवाय बिल मंजूर होणार नाही. परीक्षा प्रणालीच्या कंत्राटातही अशीच अट असावी. यासाठी नवा कायदा लागत नाही, शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही. कुलसचिवांच्या सहीने हे येत्या सत्रापासून सुरू करता येईल, आणि ते तसे सुरू करावे.